कडेला बसणारा सादिक

सादिक जीप चालवायचा तेव्हा निम्मा गाडीबाहेर असायचा. पुढच्या सीटवर चौघं बसवायची म्हणून स्वतः दाराशी एका कुल्ल्यावर बसायचा. एक पाय आत, एक पाय वाऱ्यावर. पाथर्डी ते नगर, सारी उमर त्याने अशीच काढली. कोणी कुरकुरलं की म्हणायचा, "सरका की जरा. मान्साला बसायला लई जागा लागत न्हाई, घमेंडीला लागती."

हे तो माझ्याकडे बघूनच म्हणायचा. माझी शाळा तिसरीत सुटली, पण मी कोणापुढे सरकलो नाही, त्याच्यापुढे तर नाहीच.

त्याचा एक मासा होता. जवानीत कांद्याचा ट्रक घेऊन तो कोकणात गेलेला, तिथे म्हणे समुद्रात जीपएवढा मासा बघितला. स्टँडवर चहा आला की हा मासा निघायचाच. एक दिवस मी सगळ्यांदेखत म्हणालो, "दाव मला तसला मासा, मिशी काढतो. न्हाई दावला तर परत त्याचं नाव काढायचं न्हाई." माझी मिशी म्हणजे तालुक्याला ठाऊक असलेली चीज. सादिकचा चहा तसाच राहिला. "ठरलं, नाना," म्हणाला.

त्याच्या पुण्याच्या लेकीने दोघांची तिकिटं काढली. कोकणातलं छोटं जहाज, किनाऱ्या-किनाऱ्याने जायचं, मगरी, डॉल्फिन, गरुड बघायचे. सोबत गळ्यात दुर्बिणी अडकवलेली थोडी पुण्याची माणसं. निम्मी बाकडी मोकळी. सादिकला ते बघवेना. तो बाकड्याच्या टोकाला बसला, एक पाय कठड्याबाहेर काढून.

"काका, आत बसा, पडाल!" खलाशी ओरडला.

"बसलोय की. अजून तिघं मावत्याल."

खाडीत पाणी भरायला जहाज एका धक्क्याला लागलं. मी लघवीला जाऊन येतो, तर सादिक धक्क्यावर उभा राहून हाळी देतोय, "चला, चला, लगीच सुटती!" कुठं सुटती ते त्यालाही माहीत नव्हतं. पुढच्या गावाला निघालेल्या दोन कोळणी पाट्या घेऊन चढल्या, मागून एक म्हातारा शेळी घेऊन. कप्तानाला कळलं तोवर धक्का लांब राहिला होता.

"हे कोण? कोणी घेतलं यांना?"

"पाशिंजर हायेत," सादिक म्हणाला. "रिकामी गाडी न्यायची म्हंजे पाप हाय, सायेब."

वाटाड्या सांगत होता, आवाज करू नका, जनावरं बुजतात. नेमकं तेव्हाच कोळणींचं भांडण लागलं. चिखलात पसरलेली मगर धप्पदिशी पाण्यात गेली. मग पुण्याच्या लोकांनी शेळीचे फोटो काढले.

खाडीतून समुद्रात आलो तशी लाटांनी शेळी बिथरली. सादिकने तिला कवळ्यात धरलं, बाकी सगळे तिकडेच धावले. मी एकटा समुद्राकडे तोंड करून उभा होतो. तेवढ्यात पाणी फुगलं. काळी पाठ वर आली आणि येतच राहिली. मोठा फवारा उडाला, अन् सगळं गपकन खाली गेलं. वळून बघितलं, तर एकाचंही लक्ष नव्हतं.

गप्प बसलो असतो तर मिशी वाचत होती.

"नाना, काय झालं? तोंड का असं?" शेळीच्या मानेवरून सादिक विचारत होता.

"जीपएवढा न्हाई," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला.

"यष्टीएवढा हाय."

शेळी सोडून तो धावला. समुद्रावर काहीच नव्हतं. बराच वेळ बघत राहिला, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू म्हनतो तर हाय."

गावी आल्यावर न्हाव्याला स्टँडवरच बोलावून मिशी उतरवली. आरसा सादिकने धरला होता. डोळे त्याचेच भरले. "लई वंगाळ दिसतो रं, नाना," म्हणाला.

मागल्या उन्हाळ्यात सादिक गेला. आता स्टँडवर मासा मी सांगतो. "यष्टीएवढा? मग त्याला कंडक्टर हुता का, नाना?" असं म्हणून लोक हसतात. हसू द्या. मी एक शब्द मागे घेत नाही. माझं खरं मानणारा तो एकटाच होता, आणि तेव्हा त्याच्या कवळ्यात शेळी होती.