एक जूनची उत्तरा

पद्मनाभ मास्तरांच्या शाळेत निम्मं धारवाड एक जूनला जन्मलं. त्यांच्या आयांना तेवढं ते ठाऊक नव्हतं. मूल दाखल करायला आणलं आणि वय दोन-चार महिने कमी पडलं, की मास्तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "एक जून लिहितो. पोराचं वर्ष कशाला वाया?" माझीही तीच तारीख. आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस सामुदायिक.

शहाऐंशी साली स्वतःच्या उत्तरालाही मास्तरांनी तसंच बसवलं. पोरगी खरी नोव्हेंबर ऐंशीची. रजिस्टरात जूनमध्येच येऊन बसली.

उत्तरा पळायची. रोज पहाटे पाचला घरून केलगेरीच्या तळ्यापर्यंत आणि परत. मागून मास्तर लुनावर. धाप लुनालाच लागायची.

"अप्पा, लुनाला जरा पाणी पाजा," ती वळून ओरडायची.

शहाण्णवच्या जुलैत बेंगलोरच्या एका क्रीडा वसतिगृहाची निवड हुबळीत होती. राहणं, जेवण, बूट, कॉलेज, सगळं शिष्यवृत्तीत. नाहीतर कॉमर्स; आणि कॉमर्सच्या पोरी पहाटे पळत नाहीत, असं तिच्या आईचं, लीलाक्कांचं, ठाम मत होतं. एक जुलैला सोळा पूर्ण झालेली नसावीत, अशी अट होती. मास्तरांनी ती दोनदा वाचली होती. पण घरात पोरीचं वय नोव्हेंबरपासूनच मोजत. एक जून त्यांना कधी तिची वाटलीच नाही.

मास्तरांबरोबर त्यांचा जुना विद्यार्थी म्हणून मीही गेलो होतो. तीन हजार मीटर उत्तरानं असे मारले, की दुसरी मुलगी आली तेव्हा ही बुटाची नाडी सोडून बसली होती.

मग टेबलापाशी निवडीच्या साहेबांनी शाळेचा दाखला पाहिला. "एक महिना जास्त होतोय, सर."

मास्तरांनी पिशवीतून तिचं जातक काढलं, जन्मपत्रिका. हळदीच्या बोटांचं. "हे बघा, नोव्हेंबर."

"जातक चालत नाही. दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही आहे."

"ती माझीच आहे."

साहेबांनी दाखल्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "मग एन माडोदु, सर? काय करायचं?"

मास्तरांनी जातकाची घडी घातली. चुकली, पुन्हा घातली.

बसमध्ये मी चिरमुरे घेतले. उत्तरानं खाल्ले. घरी लीलाक्कांनी दारातच विचारलं, "काय झालं गं?"

"पहिली आले," ती म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

पुढे कॉमर्स. ती सातला उठू लागली. मास्तर मात्र पाचलाच उठायचे, लुना पुसायचे, पुन्हा जागेवर लावायचे.

नोव्हेंबरात लीलाक्कांनी ओवाळलं. "आज सोळा पूर्ण," मास्तर म्हणाले.

"कुठल्या कागदावर, अप्पा?" किती वाजले विचारावं, तशा आवाजात. मग तिनं खीर परत मागितली.

पुढल्या जूनमध्ये सुभाष रोडवरचा भांडीवाला गोविंद धाकटीला घेऊन शाळेत आला. "सर, चारच महिने कमी आहेत. थोरलीला तुम्हीच एक जून दिला होता."

मास्तरांनी पेनला टोपण लावलं. "पुढल्या वर्षी आण."

"वर्ष वाया जाईल की हो!"

"जाऊ दे."

गोविंद पुटपुटत उठला. पोरगी कधीच हातातून निसटून पटांगणात पोचली होती. मास्तर खिडकीतून बघत राहिले.

"पळते का रे ही?"

"ही? दिवसभर."

"मग पुढल्या वर्षीच आण," मास्तर म्हणाले.