शेवटची सोळा पानं

मामा बाइंडर होता. वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्याने चाळीस वर्षं शिवली, वाचलं मात्र एकही नाही. "हलवायाला मिठाईचं काय कौतुक!" म्हणायचा.

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तो मला म्हणाला, "ते जाडजूड भुताचं आण. लोकांनी वाचून वाचून तीनदा फाडलं. तिसऱ्यांदा असं शिवलं, की अकरा वर्षांत परत आलं नाही."

कादंबरी नऊशे पानांची. रोज दुपारी खाटेशी बसून मी वाचायचे. त्यातल्या लबाड माळ्याला मामा शिव्या घालायचा. तळघरात अडकलेल्या सुईणीत मात्र त्याचा जीव गुंतला.

"ती सुटते का, एवढं कळू दे. मग मी मोकळा."

अखेर सुईणीने दाराच्या कडीला हात घातला. मी पान उलटलं. पुढे कोंबड्यांच्या रोगांची माहिती होती.

"थांबलीस का गं?"

"मामा, शेवटची सोळा पानं दुसऱ्याच पुस्तकाची आहेत."

त्याने पुस्तक ओढून घेतलं. शिवणीवरून बोटं फिरवली. टाके त्याचेच होते.

"दुसरीकडे शोधते मी," मी म्हटलं.

त्याचं लक्षच नव्हतं. "कुणी शेवटपर्यंत वाचलं असतं, तर बोंब मारत माझ्याकडेच आलं असतं," तो हळूच म्हणाला. "अकरा वर्षं ती तिथे एकटीच उभी आहे गं."

त्याने पुस्तक मिटून मला दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा त्याने काही वाचायला सांगितलं नाही.