साद पॉइंट

काटोल रोडने शहराबाहेर पडलं की तलावाच्या मागे एक पायवाट आहे. सरकारी भाषेत त्या भागाला झुडपी जंगल म्हणतात, म्हणजे जंगल म्हणवून घ्यायला कमी आणि प्लॉट पाडायला अडचणीचं. तिथे पळस आहेत, बाभळी आहेत, सदरा धरून ठेवणाऱ्या बोरी आहेत. निवृत्तीनंतर मी आणि महाल भागात राहणारा माझा मित्र रोज सकाळी तिथे चालायचो. तो विमा विकायचा, मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. त्याला बोलायची सवय, मला न ऐकता मान हलवायची. वाट टेकडीवर चढते तिथे एक सपाट काळा दगड आहे. त्यावर बसून तो दम खायचा आणि दम लागला नसल्याचं सांगायचा.

बायको गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या दगडावर मी त्याला एक गोष्ट सांगितली. मुलीलाही सांगितली नव्हती. मला बायकोचा आवाज आठवेनासा झाला होता. चेहरा आठवे, कपाळावरची आठी आठवे, तिची वाक्यंही शब्दशः आठवत. पण ती माझ्याच आवाजात ऐकू येत. इतकी वर्षं एका घरात राहून माणसाला एवढंही सांभाळता येत नाही, याची मला लाज वाटत होती. मित्राने मला शेवटपर्यंत बोलू दिलं. त्याला ओळखणाऱ्यांना कळेल, ही केवढी गोष्ट आहे. उठताना म्हणाला, "हे आपल्या दोघातच राहीन गा."

गेल्या वर्षी काही महिने मुलीकडे राहून आलो, तोवर वाटेची 'नेचर ट्रेल' झाली होती. मित्राने हिरव्या टोप्या शिवून घेतल्या होत्या आणि गळ्यात शिटी अडकवली होती.

"उद्घाटनाले ये," तो फोनवर म्हणाला. "आपलीच वाट आहे ना बे!"

दोन पळसांना फीत बांधली होती. प्रमुख पाहुणे उशिरा येणार होते, तसे ते आले. तोवर पलीकडून बकऱ्यांचा कळप फितीखालून निघून गेला, त्यामुळे खरं उद्घाटन उलट्या दिशेने आणि भाषणाशिवाय झालं. मग पाहुण्यांनी निसर्गावर भाषण केलं आणि एसी चालू ठेवलेल्या गाडीत बसून परत गेले. आम्ही टोप्या घालून चढू लागलो. वाटेत पाट्या होत्या. इको पॉइंटवर ओरडलं तर तलावापलीकडचं कुत्रं उत्तर देई. काळ्या दगडापाशी पाटी होती, 'साद पॉइंट'.

मित्राने सगळ्यांना गोल उभं केलं आणि आवाज खाली आणला. पॉलिसीत 'दुर्दैवाने काही बरंवाईट झाल्यास' हे कलम समजावताना तो हाच आवाज काढायचा. लोकांपुढे उभा राहिला की त्याची भाषाही पुण्याला जाते.

"इथे एक गृहस्थ येतात," तो म्हणाला. "त्यांच्या पत्नी आता नाहीत. पण या दगडावर बसलं की वाऱ्यातून त्यांना पत्नीची हाक स्पष्ट ऐकू येते. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं आहे. आपणही दोन मिनिटं डोळे मिटून आपल्या माणसाची साद ऐकूया."

सगळ्यांनी डोळे मिटले. हे धडधडीत खोटं आहे हे त्या गर्दीत त्याच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं, आणि मीही मिटले. नुसते मिटले नाहीत, कान दिला. टिटवी ओरडली. कुणाचा तरी मोबाइल वाजला. बस. डोळे उघडले तेव्हा शेजारी उभी असलेली बाई पदराने डोळे टिपत होती. तिला ऐकू आलं होतं. मला तिचा हेवा वाटला, आणि तो वाटायला लावल्याबद्दल मित्राला मी अजून माफ केलेलं नाही.

खाली पोह्यांच्या गाडीवर तो माझ्याजवळ आला.

"काहून गा, तोंड पाडून बसला?"

"मी तुला बरोबर उलटं सांगितलं होतं."

"मले माहीत आहे ना. पण आवाज आठवत नाही, हे ऐकाले टेकडी चढून कोण येईन?"

"दोघांतच राहील म्हणाला होतास."

"तुझं नाव घेतलं का म्या? नाही. अन् जे सांगितलं ते तू बोललाच नव्हता. मंग तुझं गुपित फुटलं कुठी? पोहे खा. लोकायले बरं वाटून राहिलं, तुले काय तरास आहे?"

पोहे तेवढे संपवले. मी तिकडे जाणं सोडलं. त्याचे फोन येत राहिले, मग थांबले. आता मी कॉलनीच्या बागेत सिमेंटच्या गट्टूंवरून गोल फेऱ्या मारतो. तिथे कोणतीच गोष्ट सांगावीशी वाटत नाही, हा त्या बागेचा गुण.

परवा तिथे वरच्या मजल्यावरची शेजारीण भेटली.

"काका, तुम्ही एवढे चालता अन् त्या ट्रेलवर काहून नाही येत? रविवारी गेलो होतो आम्ही. मी तर रडलीच! तिथं एक आजोबा यायचे म्हणे, बायकोची हाक ऐकायला. गेले बिचारे."

"कुठे गेले?"

"अहो, वारले! त्यांचे जिगरी दोस्तच सांगत होते. सांगता सांगता टोपी काढून हातात धरली त्यांनी. आता वारा सुटला की दोघांचेही आवाज येतात तिथं."

"तुम्हाला आले?"

"त्या काकूंचा आला," ती म्हणाली. "काय मऊ आवाज होता हो!"

"मऊ नव्हता," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही ओळखत होते का काका त्यांना?"

"थोडंफार," मी म्हणालो आणि पुढची फेरी सुरू केली.