डिशवॉशरचा पंप आणि आमच्या आत्याबाई

आमच्या आत्याबाईंचा मरणावर विश्वास आहे, पण तो फक्त माणसांच्या बाबतीत. यंत्र मरतं, हे त्यांनी आजवर कधी कबूल केलेलं नाही. यंत्र रुसतं, दमतं, त्याच्या घशात काहीतरी अडकतं. पण ते आपणहून मरत नाही, त्याला माणसं मारतात आणि तीही निव्वळ कंटाळ्यापोटी, असं त्यांचं ठाम मत आहे. नात्यानं त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. ज्या घराण्यात आधी भिक्षुकी आणि पुढं पिढ्यानपिढ्या कारकुनी झाली, जिथं भिंतीत खिळा ठोकायलासुद्धा माणूस बोलवायची रीत, त्या घरात ही बाई हातात पाना घेऊन कुठून जन्माला आली याचा उलगडा कुणालाच झालेला नाही. लग्न त्यांनी केलं नाही. वाळूजला कारखाने उभे राहत होते त्या काळात तिथल्या एका कारखान्याच्या तपासणी खात्यात त्या लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत शिफ्टच्या बसनं जात-येत राहिल्या. सिल्लोड, देवगाव रंगारीकडून आलेल्या कामगारांत उभी हयात गेल्यामुळं त्यांच्या जिभेवर 'लई' आणि 'व्हय' असे काही मुरले की श्राद्धपक्षाच्या पंगतीतही ते लपत नाहीत. गुरुजींना त्या एकदा म्हणाल्या होत्या, "मंत्र लई छान म्हणता, पण मधी तेल कमी पडतंय, आवाज घासतोय." गुरुजींनी निमूटपणे पाणी मागून घेतलं.

तपासणी खात्यातून त्या निवृत्त झाल्या, तपासणी मात्र त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. माझं नवं लग्न झालेलं असताना एका सकाळी मी केलेली पोळी त्यांनी व्हर्नियर कॅलिपरमध्ये धरली. हे मोजमापाचं यंत्र त्या चष्म्यासारखं कायम जवळ बाळगतात. तीन-चार ठिकाणी मोजून त्या म्हणाल्या, "सूनबाई, चवीला चांगली आहे. पण कडंला जाड अन् मधी पातळ. आमच्याकडं हा माल परत गेला असता." आणि मग त्याच पोळीला तूप लावून त्यांनी ती खाल्ली, वर आणखी एक मागितली. एखादं यंत्र बिघडलं की स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची पद्धत. घरातला कूलर, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळ्यांच्या छातीला हा स्क्रूड्रायव्हर लागलेला आहे. माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि आत्याबाई कुठं दिसेनात. अक्षता हातात घेऊन मी शोधत फिरले, तर या मांडवामागं पैठणीचा पदर खोचून जनरेटरपाशी उकिडव्या बसलेल्या. मला म्हणाल्या, "तू जा, टाक अक्षता. हा खोकतोय मघापासून. ऐन हार घालताना बंद पडला तर नवरीला नवरा दिसायचा नाय." दिवे शेवटपर्यंत गेले नाहीत. आमच्याकडच्या फोटोंत मात्र त्या कुठंही नाहीत.

अशा बाईला घरात बसवणं सोपं नव्हतं, पण ते घडलं. मागच्या उन्हाळ्यात कूलरच्या मागची जाळी काढायला त्या स्टुलावर चढल्या आणि स्टुलासकट खाली आल्या. उजवं मनगट मोडलं. माझ्या नवऱ्याला आईपेक्षा आत्यानंच जास्त वाढवलेलं. तिला फरशीवर तसं पडलेलं पाहून तो इतका घाबरला की प्लास्टर निघेपर्यंत नीट जेवला नाही. मग त्यानं त्यांची हत्यारांची पेटी उचलून माळ्यावर ठेवली आणि सांगितलं, "आत्या, आता बास. यापुढं घरात काही बिघडलं तर माणूस येईल. तू हात लावायचा नाहीस." आत्याबाई काही बोलल्या नाहीत, आणि आम्हाला काळजी त्याचीच वाटली. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं कित्येक महिने त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायच्या. मिक्सर बदलत्या आवाजात ओरडायचा, त्या मान वळवायच्या, माळ्याकडं बघायच्या आणि पुन्हा खिडकीबाहेर. पोळी कशीही झाली तरी "चांगली आहे" म्हणायच्या. मला ते ऐकवत नसे.

त्यातच डिशवॉशर आला. आपल्या शहरात नळाला पाणी येणं हा एक सणच असतो. दोन सणांत अंतर किती, ते देवाला आणि पाणी सोडणाऱ्यालाच माहीत. यंत्राला हातानं घासण्यापेक्षा पाणी कमी लागतं, शिवाय आत्याबाईंच्या मनगटाला कढया घासण्याचा त्रास नको, असा नवऱ्याचा हिशेब. आत्याबाईंना तो पटला नाही. "भांडी यंत्रानं घासायची, मग माणसानं काय बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या?" एवढंच त्या म्हणाल्या. पण आठवडाभरात मी पाहिलं, यंत्र चालू झालं की त्यांची खुर्ची खिडकीकडून स्वयंपाकघराच्या दाराकडं सरकायची. यंत्रातून बाहेर पडणारं पाणी गटारात जाताना पाहून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी नळी बादलीत सोडायला लावली आणि त्या पाण्यानं आमचं अंगण आणि शेजाऱ्यांच्या पायऱ्याही धुऊन निघू लागल्या.

आणि ऐन मे महिन्यात ते यंत्र बंद पडलं. भांडी धुवायचं, पण शेवटी पाणी बाहेर टाकायचं नाव नाही. दार उघडलं की तळाशी खरकट्या, साबणाच्या पाण्याचं डबकं. नळाला पाणी यायला अजून अवकाश होता, टाकी तळाला गेली होती आणि ओट्यावर भांड्यांचा डोंगर. दुरुस्तीचा माणूस आला. मुलगा सभ्य होता. यंत्र पाहून म्हणाला, "मॅडम, पाणी बाहेर फेकणारा पंप गेलाय. मागवावा लागेल. यायला बरेच दिवस लागतील." तो गेला. नवरा कामावर जाताना म्हणाला, "राहू दे तसंच. येईल तेव्हा येईल." मग आत्याबाईंकडं पाहून थोडं थांबला आणि म्हणाला, "आत्या, तुला सांगितलेलं लक्षात आहे ना?" आत्याबाईंनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "व्हय," म्हणाल्या.

फाटक वाजलं तशी त्यांनी पेपराची घडी घातली. "सूनबाई, शाळेला सुट्टी आहे ना तुझ्या?"

मी भूगोल शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. "आहे," म्हटलं.

"मग माळ्यावर चढ. मी चढणार नाय, मी वचन दिलंय."

वचन हात न लावण्याचं होतं, न चढण्याचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण इतक्या महिन्यांनी त्यांच्या आवाजात धार आली होती. मी चढले.

पेटी उघडल्यावर त्या क्षणभर नुसत्या पाहत राहिल्या. मग कामाला लागल्या. आधी प्लग काढून तो समोरच्या खुर्चीवर ठेवायला लावला. "प्लग कायम डोळ्यांपुढं पाहिजे. काढलाय असं वाटणं वेगळं अन् काढलेला दिसणं वेगळं." मग मगानं आणि फडक्यानं आतलं पाणी काढून बादलीत, कारण तेही वाया जायचं नव्हतं. जाळी धुतली, तिच्यात डाळिंबाचे दाणे आणि मोहरी सापडली. आत्याबाईंना वाटलं, दोष हाच. त्यांनी विजयानं माझ्याकडं पाहिलं, पण यंत्र लावून पाहिलं तर पाणी जागचं हललं नाही. "मी चुकले," त्या सहज म्हणाल्या. मग नळी तपासली, तिला कुठं पीळ नव्हता. पाणी फेकायची वेळ आली तेव्हा स्क्रूड्रायव्हर यंत्राला लावून त्यांनी डोळे मिटले. "श्वासच नाय," म्हणाल्या. पुन्हा प्लग खुर्चीवर गेला, पाणी बादलीत गेलं, आणि जुनी गोधडी अंथरून आम्ही दोघींनी ते धूड हळूहळू कुशीवर निजवलं. खालचा पत्रा निघाला. पंप मुठीएवढा, आपल्या कूलरच्या पंपाचाच चुलतभाऊ. त्याच्या दोन टोकांना त्यांनी आपलं काट्याचं जुनं मीटर लावलं. काटा जागचा हलला नाही. आतली तार जळाली होती. मुलानं सांगितलं ते बरोबर होतं, हे त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. दुसऱ्याची तपासणी बरोबर निघाली की त्यांना मनापासून आनंद होतो.

पंप काढायचा तर तो जरा दाबून फिरवायचा, मग सुटतो. फरशीवर आडव्या होऊन आत्याबाईंनी हात आत घातला. मी बॅटरी धरली होती. त्यांची बोटं पंपावर बसली, कपाळावरची शीर फुगली, पण पंप फिरला नाही. पुन्हा जोर लावला. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि तो उलटसुलट करून पाहिला, एखादा नापास झालेला भाग पाहावा तसा. मला वाटलं, आता पेटी बंद होणार आणि खुर्ची पुन्हा खिडकीशी जाणार.

"तू ये," त्या म्हणाल्या.

"मला नाही येणार, आत्याबाई."

"लोणच्याची बरणी उघडतेस का नाय? मग येतंय. दाब अन् उजवीकडून डावीकडं. घाबरू नको, तो चावत नाय."

मी जगाच्या नकाशावरच्या नद्या डोळे मिटून दाखवू शकते, पण स्वतःच्या घरातल्या यंत्रात त्या दिवसापर्यंत मी बोटही घातलेलं नव्हतं. दाबलं, फिरवलं, आणि कट् असा आवाज होऊन पंप माझ्या हातात आला. आत्याबाई म्हणाल्या, "पास." मला बी.एड. झाल्याचासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

तो पंप रुमालात गुंडाळून आम्ही रिक्षानं शहागंजकडं गेलो. तिथल्या एका बोळात सुट्या भागांचं दुकान. दुकानदारानं पंप पाहिला, आतून एक नवा आणून ठेवला आणि म्हणाला, "अम्मा, कंपनी का नहीं है, मगर बैठ जाएगा."

"बैठ जाएगा मतलब?" आत्याबाईंनी पर्समधून कॅलिपर काढलं. काउंटरवर दोन्ही पंप शेजारी ठेवून तोंड, खाच, कडा, सगळं मोजलं. मागं गिऱ्हाइकं थांबली होती; तीही वाकून पाहू लागली. पहिला नापास, दुसरा नापास. तिसऱ्याला त्यांनी मान डोलावली. दुकानदार हसत म्हणाला, "अम्मा, आप रोज मत आना, मेरी दुकान खाली हो जाएगी."

घरी येऊन नवा पंप मीच बसवला. यंत्र उभं केलं, तळाशी तांब्यानं पाणी ओतलं, प्लग लावून बटण दाबलं. पंप घुर्र करून चालू झाला आणि त्याच वेळी यंत्राखालून पाण्याचा ओघळ निघाला. मी पटकन प्लग काढला, आणि दारात माझा नवरा उभा. आज लवकर सुटला होता. भिजलेली गोधडी, उघडी पेटी आणि फरशीवर मांडी घातलेली आत्या, हे सगळं त्यानं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"आत्या, काय ठरलं होतं आपलं?"

"मी कुठं हात लावला? तुझ्या बायकोला विचार."

"गळतंय ते. राहू दे आता. तुला काही झालं म्हणजे?"

आत्याबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही. "अरे, पडले ते एकदाच. पण तू पेटी वर ठेवलीस, तेव्हापासून रोज पडतेय बघ मी."

त्यानं चपला काढल्या, बाही वर केली आणि तो खाली बसला. "बॅटरी दे इकडं," मला म्हणाला.

गळतंय म्हणजे पाणी पंपापर्यंत नीट पोचतंय, हे लई चांगलं लक्षण आहे, असं आत्याबाईंनी जाहीर केलं. यंत्र पुन्हा कुशीवर गेलं. पंपाभोवतीची रबराची कडी एका जागी दुमडली होती. ती बसवायला जोर लागत नाही, बोटांना कळावं लागतं. ती त्यांनी डाव्या हातानं, न बघता, चाचपून बसवली. पंप फिरवायला नवरा पुढं झाला तर त्याचा हात त्यांनी बाजूला केला. "तुला नाय जमायचं. हिचा हात बसलाय त्यावर." माझा नवरा इंजिनियर आहे. तो बॅटरी धरून बसला.

या खेपेला फरशी कोरडी राहिली. नळीतून पाण्याची धार बादलीत पडू लागली. नवऱ्यानं मागून आत्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली, लहानपणी टेकवत असेल तशी. आत्याबाई बादली भरेपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चहा टाका कुणीतरी. अन् पाणी फेकू नका ते."

सुट्टी संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी ही हकिगत इतक्या जणींना इतक्या वेळा सांगितली की मी शिरले की कुणीतरी पंपाचं विचारतंच. मला त्याचं काही वाटत नाही. ज्यांच्या घरात अशी बाई आहे त्यांनी सांगत सुटावं, दुसरं काय करावं? पेटी आता स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यात असते. कॉलनीतले लोक मिक्सर, इस्त्री घेऊन येतात. आत्याबाई खुर्चीत बसून निदान करतात आणि मी उघडझाप करते. मनगटात पहिली ताकद येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तो विषय त्या काढत नाहीत.

पंप बदलला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी होते. आत्याबाई आल्या आणि माझ्याकडं पाठ करून स्टुलावर बसल्या. हात मागं करून त्यांनी कंगवा पुढं केला. मोडलेल्या मनगटानं इतके महिने त्या स्वतःच केस कसेबसे गुंडाळत होत्या, हे आमच्यातल्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं.

"वेणी घाल," त्या म्हणाल्या. "हात वर जात नाय माझा."

मी गॅस बारीक केला. केस हातात घेतले तर केवढे विरळ झालेले. गुंता फार होता. मी टोकाकडून हळूहळू सोडवत गेले. त्यांनी डोळे मिटले होते, आणि माझं काम होईपर्यंत त्यांनी मला एकही चूक दाखवली नाही.