गाडी वरश्याला ठेवून एसटीने आलो

मित्रांनो, आपल्या रायडर ग्रुपमधला संदीप काल गेला. पेणहून रोह्याला घरी येताना डंपरला ओव्हरटेक करायला गेला आणि समोरून टेम्पो आला.

आज सकाळी रोह्याशेजारच्या अष्टमी गावच्या स्मशानात त्याला पोचवून आम्ही गाड्यांपाशी आलो. हेल्मेटं घातली, पण स्टार्टर कोणी मारेना. शेवटी त्याचे काका म्हणाले, "निघा रे पोरांनो! हितं उभं राहून तो येनार हाय काय?"

बाकीचे निघाले. मी मात्र कशीबशी जवळच्या वरसे गावापर्यंत नेऊन गाडी मेहुण्याच्या दारात लावली.

"काय भावोजी, पेट्रोल संपला?" मेहुणा हसत म्हणाला.

"नाय रे. भ्या वाटतंय."

तो हसायचा थांबला आणि मला एसटी स्टँडवर सोडून गेला.

मी गॅरेजवाला, माझे कान तुम्हाला माहीत आहेत. एसटीच्या मागे बाईकवाल्याने गियर खाली टाकला की मला कळायचं, हा आता ओव्हरटेक करणार. तो पुढे जाईपर्यंत मी डोळे मिटून बसायचो. पेणपर्यंत हेच.

उद्या गाडी आणायला जायचंय. खरं सांगतो, एकट्याने ती पेणला आणायची हिंमत नाही. माझ्यासोबत हळू चालवत कोण येईल?