पोंचोवर उरलेला एक वाटा

२००७च्या मार्चमध्ये मला वेल्समधल्या डोंगरात पोस्टिंग मिळालं. पोस्टिंग हा शब्द मी जरा फुगवून वापरते आहे. तो एका वीकएंडचा सराव होता. सोमवार ते शुक्रवार मी लेस्टरच्या एका हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होते आणि शनिवार-रविवारी ब्रिटिश फौजेच्या राखीव दलात नर्सिंग ऑफिसर. हुद्दा कॅप्टन. वय त्रेचाळीस.

त्या काळातला माझा एक फोटो हॉलमध्ये आहे. माझी नात एकदा त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आजी, तुझा टोपी एवढा टाइट का?" टोपी बरोबर मापाची होती. तिच्याखालचं डोकं फुगलं होतं. नकाशा प्लास्टिकमध्ये घालून मी तो गळ्यात अडकवत असे आणि टेस्कोत किराणा आणायला जातानाही होकायंत्र खिशात ठेवत असे. आमचे हे, डॉक्टर साठे, भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवणं हा त्यांचा पेशा आणि स्वतः झोपणं हा छंद. निघताना ते पांघरुणातूनच म्हणाले, "नलू, तू कॅप्टन झालीस खरी, पण बाथटबमधला कोळी अजून मलाच पकडावा लागतो." मी त्यांना सॅल्यूट ठोकला आणि गाडीत बसले.

आम्ही नऊ जण होतो. दोन लँडरोव्हर ॲम्ब्युलन्स. काम सोपं होतं. डोंगरावर खोटे जखमी पडलेले असत, कपड्यांना लाल रंग फासून. ते शोधायचे, बांधायचे, खाली आणायचे. माझ्यानंतर सार्जंट हॉब्ज. तो एरवी लेस्टरमध्ये बस चालवायचा आणि आम्हाला पॅसेंजर समजायचा. बिनतारी यंत्र सांभाळायला सिग्नलर कोल. हा पोस्टमन, गोल चेहऱ्याचा, सतत काहीतरी चघळणारा. आणि माझ्या गाडीचा ड्रायव्हर लान्स कॉर्पोरल पेटेलो.

पेटेलो टोकेलाऊचा. हे नाव मी आधी ऐकलेलं नव्हतं. मॅप रीडिंगमध्ये पहिली आलेली बाई मी, आणि मी त्याला विचारलं, "ते आफ्रिकेत कुठे येतं?" तो हसला नाही. त्याने माझ्या प्लास्टिकच्या नकाशावर बोटाने तीन ठिपके ठेवले. पॅसिफिकमधली तीन प्रवाळबेटं. मधे खारं सरोवर, भोवती जमिनीची बारीक कड, तिच्यावर नारळ. सगळ्यात उंच जागा आपल्या दुमजली घराच्या पहिल्या मजल्याएवढी. विमानतळ नाही, बंदर नाही. सामोआहून बोट निघते, दिवसरात्र चालते आणि प्रवाळाच्या बाहेर थांबते. मग छोट्या होड्या लाटेची वेळ साधून आत शिरतात. आधी ब्रिटिशांचं राज्य, मग न्यूझीलंडचं. स्वतःचं स्वतः चालवायचं का, यावर नुकतंच मतदान झालं होतं आणि थोडक्यात राहिलं होतं.

"किती लोक आहेत रे तुम्ही?" हॉब्जने विचारलं.

"दीड हजार, सार्जंट."

"एवढे तर शनिवारी माझ्या बसमध्ये चढतात."

"पण तुम्ही त्यांची नावं सांगू शकत नाही," पेटेलो म्हणाला.

शाळेसाठी तो न्यूझीलंडला गेला, रग्बीसाठी इंग्लंडात आला आणि थंडीला शिव्या देत लेस्टरला राहिला. एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. तो फार बोलायचा नाही. पण एकदा गाडीत हीटर लावून बसलो असताना त्याने आपल्या आजीचं सांगितलं. आजीच्याही आजीच्या काळात पेरूची जहाजं आली होती. माणसं पकडून नेली, कामाला जुंपायला. गावंच्या गावं निम्मी झाली. गेलेल्यांपैकी जवळजवळ कोणी परतलं नाही आणि ते कुठे मेले हेही कळलं नाही. म्हणून त्याची आजी, क्षितिजावर जहाज दिसलं की, आधी पोरं मोजायची. मग जहाजाकडे बघायची. जहाज तांदूळ आणि पत्रं घेऊन आलेलं असायचं, तरी.

हे ऐकून मी म्हटलं होतं, "हाउ इंटरेस्टिंग." असं म्हणणाऱ्या त्या कॅप्टनबाईच्या थोबाडीत द्यावी असं मला आज वाटतं. माझी मुलगी आता साउथहॅम्प्टनला राहते. बंदरात शहराएवढी क्रूझ जहाजं येतात. मुलं ओरडतात, आजी, शिप बघ. मी आधी मुलं मोजते.

पेटेलोची एक खोड मला मुळीच पटायची नाही. फौजेत प्रत्येकाला आपापला रेशन पॅक मिळतो. बिस्किटं, चीज, चहाच्या पुड्या, चॉकलेट. ज्याचा त्याचा. पेटेलो जमिनीवर पोंचो अंथरायचा, म्हणजे पावसात अंगावर घ्यायचं ते मोठं रबरी कापड, आणि सगळ्यांचे पॅक त्यावर रिकामे करायचा. मग माणशी वाटे लावायचा. त्याच्या बेटावर मासे पकडून आणले की असेच किनाऱ्यावर मांडतात. मासा कोणी पकडला याला किंमत नाही. म्हातारी असो, तान्हं मूल असो, पाहुणा असो, माणूस आहे म्हणजे वाटा आहे. ते त्याला इनाती म्हणतात. वाटे लागले की नावं पुकारतात. जो येऊ शकत नाही त्याचा वाटा पोरं उचलून त्याच्या घरी पोचवतात.

मी शाकाहारी. माझ्या पॅकशिवाय माझ्याकडे लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून आणलेला चिवडा असायचा, मोज्यात लपवलेला. पहिल्याच दिवशी तो मोजाही पोंचोवर गेला.

"कॉर्पोरल, तो माझा खाजगी चिवडा आहे," मी कॅप्टनच्या आवाजात म्हटलं.

"येस मॅम. हा तुमचा वाटा." त्याने मला एक मूठ दिली.

कोल चिवडा तोंडात टाकून म्हणाला, "मॅम, यात कोणीतरी सुतारकाम केलंय का?" आणि दुसरी मूठ मागितली. मिळाली नाही. वाटा एकच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी बारानंतर धुकं उतरलं. वेल्सचं धुकं आपल्या घाटातल्यासारखं वरून तरंगत येत नाही. ते जमिनीतून निघतं. वर पाऊस सुरूच होता. सराव आटोपता घ्या, असा हुकूम आला. दोन्ही गाड्या वेगवेगळ्या वाटांनी उतरल्या आणि एका पडक्या गोठ्यापाशी थांबल्या. एक गोठ्याच्या अलीकडे, एक पलीकडे. वाटेत एक ओढा लागला, घोट्याएवढा. मी हेडक्वार्टरला रेडिओवर कळवलं की सगळे उतरले. कोल सकाळपासून वरच्या कड्यावर एरियल लावून बसलेला होता. आमच्या गाडीला वाटलं तो दुसरीत आहे. दुसरीला वाटलं तो आमच्यात. नेहमीची गोष्ट. लढाईशिवाय माणूस हरवतो तो असाच.

दोनच्या सुमारास पेटेलोने गोठ्यात पोंचो पसरला, वाटे लावले आणि नावं पुकारली. एकेक जण आला, आपला वाटा घेऊन भिंतीला टेकला. शेवटी पोंचोवर एक वाटा राहिला.

"कोल," पेटेलोने पुन्हा हाक मारली.

"झोपला असेल मागच्या गाडीत," हॉब्ज म्हणाला. "त्याचा मला दे. मी त्याच्या आठवणीत खातो."

सगळे हसले. मीही हसले. पेटेलोने तो वाटा उचलून खिशात घातला. "मी देऊन येतो," म्हणाला. दुसरी गाडी वीस पावलांवर होती. आम्ही चहा पीत बसलो.

पुढचं मी नंतर जुळवलं. दुसऱ्या गाडीत कोल नव्हता. तिथून आमच्यातला कोणीही इंग्लिश शिपाई परत आला असता, रिपोर्ट केला असता, हुकमाची वाट पाहिली असती. तेच बरोबर होतं. सहा महिने आम्ही तेच शिकलो होतो. पण पेटेलोच्या हातात एका माणसाचा वाटा होता. वाटा हातात असला की त्याच्या घरी जायचं. तो पाच वर्षांचा असल्यापासून हे करत आला होता. तो तसाच वर चालत गेला. रेडिओ न घेता.

चहा संपला तेव्हा हॉब्जने विचारलं, "पेटेलो कुठे?" मग आम्ही दुसऱ्या गाडीत पाहिलं आणि सगळं कळलं. मी हेडक्वार्टरला, म्हणजे झिरोला, रेडिओ लावला.

"झिरो, धिस इज टू-वन. दोन माणसं बेपत्ता. ओव्हर."

"टू-वन, सरावातली? ओव्हर."

"नो डफ. परत सांगते, नो डफ. ओव्हर."

हे नाटक नाही, खरं आहे, असं सांगायचे ते दोन शब्द. मी ते पहिल्यांदाच उच्चारले. पलीकडून आवाज आला, "रॉजर. हेलिकॉप्टर धुक्यात येऊ शकत नाही. तुमच्या माणसांनी शोध घ्या. आउट."

अंधार पडायच्या आत दोघं सापडायला हवे होते. भिजलेला माणूस त्या थंडीत रात्र काढत नाही, हे आम्हा सगळ्यांना नोकरीमुळेच माहीत होतं. रेडिओपाशी एकाला ठेवून आम्ही हाकेच्या अंतरावर ओळ धरली आणि चढायला लागलो. दर शंभर पावलांनी शिट्टी, मग थांबून ऐकायचं. धुक्यात मेंढ्या खोकतात. अगदी माणसासारख्या. प्रत्येक वेळी वाटायचं, तो पेटेलो. एकदा मला स्पष्ट कोणीतरी माझ्या डावीकडे चालताना दिसलं, ओळीतल्या माणसाच्या आणि माझ्या मधे. मी म्हटलं, "अंतर ठेव." उत्तर आलं नाही. तिथे कोणी नव्हतं. हे मी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही. इथे लिहिते आहे.

उतरताना लागलेला ओढा आता कमरेएवढा झाला होता. वर जाऊन, दगडांचा पूल होता तिथून आम्ही पलीकडे गेलो. कड्याच्या खाली मेंढ्यांसाठी रचलेल्या दगडी कुंपणात कोल मिळाला. घोटा मोडलेला, बिनतारी यंत्र भिजून बंद पडलेलं. अंगावर दोन जाकिटं होती. वरचं पेटेलोचं. कोल शुद्धीवर होता.

"पेटेलो कुठे आहे?"

"खाली गेला, मॅम. तुम्हाला बोलवायला. भेटला नाही तुम्हाला?"

"कधी गेला?"

"मी खाल्ल्यानंतर." कोलचे दात वाजत होते. "मी म्हटलं, आधी जा, लोकांना आण. तो म्हणाला, तुझा वाटा आहे, खा. तू खाल्ल्याशिवाय मी हलत नाही. म्हणून बसून राहिला. मी सावकाश खाल्लं, मॅम. गंमत म्हणून. त्याला खिजवायला."

मी त्याचा पाय बांधला. दोघांना त्याच्यापाशी ठेवलं. उरलेले आम्ही ओढ्याच्या काठाने उतरलो. ज्या ठिकाणी दुपारी घोट्याएवढं पाणी होतं, तिथेच पेटेलोने ते पार करायचा प्रयत्न केला होता. समुद्राच्या लाटेत होडी घालणारा माणूस. ऑगस्टमध्ये जो ओढा नातवंडं उडी मारून ओलांडतील, त्याने त्याला नेलं. थोडं खाली, एका वाकलेल्या झाडाच्या मुळांत तो अडकलेला मिळाला. अंगात नुसता शर्ट होता.

मी छाती दाबायला सुरुवात केली. वीस वर्षं मी नर्स होते. कुठे थांबायचं ते मला ठाऊक होतं. मी तिथे थांबले नाही. शेवटी हॉब्जने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मॅम," तो म्हणाला. "बस्स." अजून उजेड होता. धुकं निघून गेलं होतं आणि सगळा डोंगर अगदी स्वच्छ दिसत होता.

अधिकृत बातमी कमांडिंग ऑफिसरने कळवली. पण पेटेलोच्या आईला तिथे हजर असलेल्या कोणाशी तरी बोलायचं होतं. फोन मी केला. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. शूर, कर्तव्यदक्ष, त्याला वेदना झाल्या नाहीत. ती इंग्लिश सावकाश बोलत होती. माझे शब्द तिने ऐकून घेतले. मग विचारलं, "तो कोणाचा तरी वाटा घेऊन निघाला होता, असं मला सांगितलं. तो पोचला का?"

"पोचला."

"त्या मुलाने खाल्ला?"

"हो. सगळा."

"बरं," ती म्हणाली. आणि त्या मुलाचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, नीट येईपर्यंत.

पेटेलोला घरी नेलं. विमानाने न्यूझीलंड, तिथून सामोआ, मग ती बोट. बरोबर हॉब्ज आणि कुबड्या घेऊन कोल. कोल तोवर स्पेनच्या पलीकडे कधी गेला नव्हता. लाटेची वेळ साधून होडीवाल्यांनी शवपेटी आत नेली, तेव्हा किनाऱ्यावर सगळं गाव उभं होतं. गेलेल्यातला एक परत आला होता.

आमच्या शहरात नोव्हेंबरमध्ये स्मारकापाशी नावं वाचतात, त्यात पेटेलोचं नसतं. तो युद्धात गेला नाही, सरावात गेला. वाचणाऱ्याने एक नाव संपवून दुसरं सुरू करायच्या मधे जी जागा असते, तिथे मी ते म्हणते. फार मोठ्याने नाही. पण शेजारी उभे असलेले डॉक्टर साठे ऐकतात, आणि त्या एका दिवशी माझी थट्टा करत नाहीत.

कोल परत आल्यावर माझ्या किचनमध्ये येऊन बसला होता. मी त्याच्यापुढे पोहे ठेवले. त्याने नुसता चमचा फिरवला. मग सांगितलं की दफन झाल्यावर दुसऱ्या दिवशी मासे आले, किनाऱ्यावर वाटे लागले, नावं पुकारली गेली.

"पेटेलोच्या घराचं नाव पुकारलं, मॅम. मी मोजले. त्याची आई, भाऊ, भावजय, तीन मुलं. सार्जंट हॉब्ज दुसऱ्या घरी उतरला होता, तरी वाटे सात होते. मला वाटलं सातवा त्याचा. रीत असेल. मी मान खाली घातली. तर त्याची आई माझ्याकडे बोट दाखवायला लागली."

 

"मग?"

"अख्खा मासा होता, मॅम. डोळ्यांसकट. काटे इतके की एकेक काढावा लागत होता. सगळे आपलं आपलं संपवून माझ्यासाठी बसून राहिले. कोणी उठेना."

"संपवलास?"

"संपवला," कोल म्हणाला. "या वेळी मला लवकर खायचं होतं."