मोर्चाचा मुक्काम

वनजमिनीसाठी पायी निघालेल्या आदिवासींचा मोर्चा आमच्या गावच्या शाळेत मुक्कामाला उतरला होता. सकाळी फिरायला गेलो, तर बायका पटांगण झाडत होत्या. बसलो ती जागा झाडूनच उठायचं, ही त्यांची रीत. आमच्या मिरवणुका मागे काय सोडून जातात, ते न बोललेलंच बरं.

एका वर्गाचं दार उघडं होतं. आत पहिल्या बाकावर एक चिमुरडी हाताची घडी घालून फळ्याकडे बघत बसली होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन नावावर करा, हे मागायला तिची माणसं चालली होती. तिला काय मागायचं ते कुणी विचारलं नसावं; पण मागण्याआधी माणूस असंच डोळे भरून बघत असेल.

झाडू हातात घेऊनच तिची आई दारात आली.

"ऊठ बाय, निघायचं. आज रविवार, गुरुजी नाय यायचं."

"आपल्या पाड्यावर पण नाय येत," मुलगी जागची न हलता म्हणाली. "मग तिथं रोजच रविवार का गं आये?"

बाहेर घोषणा सुरू झाल्या होत्या. आईनं झाडू भिंतीला टेकवला आणि तीही घटकाभर त्या बाकावर बसली.